जोखीम जनतेची, मक्तेदारी कंपनीची

औषधांच्या किमतींवर बंधन घालण्याची भाषा कोणी काढली, की आपल्याकडे एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. औषध शोधून काढण्यास अफाट खर्च येतो, शंभर प्रयोगांतील नव्व्याण्णव फसतात, ही जोखीम कंपनी पत्करते. तिला मक्तेदारीचा नफा मिळाला नाही, तर उद्या संशोधन करील कोण? युक्तिवाद ऐकायला सयुक्तिक वाटतो. तो मंत्रालयात चालतो, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत चालतो आणि खेदाची गोष्ट अशी, की अर्थशास्त्राच्या वर्गांतूनही तो बिनतक्रार चालतो. आयुष्याची पस्तीस वर्षे या विषयाचे अध्यापन केल्यानंतर मला हे कबूल केले पाहिजे, की मीही तो कैक वेळा फळ्यावर मांडला आहे.

त्याचा हिशेब तपासून पाहण्याची पाळी माझ्यावर २०१४ साली आली. माझ्या धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. तो एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात त्याला दाखल केले. अँजिओग्राफी झाल्यावर एका तरुण समुपदेशकाने आम्हांस बाजूच्या खोलीत बोलावून प्लॅस्टिकमध्ये मढवलेले एक पत्रक समोर ठेवले. त्यावर तीन प्रकारचे स्टेन्ट आणि तीन किमती होत्या. सर्वांत स्वस्त म्हणजे साधा धातूचा; ‘पण तो पुन्हा आवळतो’, असे त्याने हलक्या आवाजात सांगितले. औषधाचा लेप असलेल्याची किंमत एक लाख पस्तीस हजार. भाऊ पलीकडे खाटेवर असताना घासाघीस कोण करणार? पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही पैसे भरले. घरी आल्यावर त्याने विचारले, “दादा, त्या एवढ्याशा जाळीत असतं तरी काय?”

अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मला त्याचे उत्तर देता यायला हवे होते. त्या वेळी ते देता आले नाही. पुढे काही वर्षे या प्रश्नाचा माग काढला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पुन्हा आवळणारी धमनी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत फुगा सरकवून तो फुगवायचा आणि अरुंद झालेला मार्ग रुंद करायचा, हा उपचार आन्द्रेआस ग्रुन्ट्झिग या डॉक्टराने सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच येथे प्रथम केला. छाती न उघडता हृदयविकारावर इलाज सापडला, म्हणून जगभर त्याचे स्वागत झाले. पण लवकरच त्यातील वैगुण्य ध्यानी आले. फुग्याने रुंद केलेली धमनी दर तीन रुग्णांपैकी सुमारे एकात सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होई. १९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी धमनीत धातूची जाळी, म्हणजे स्टेन्ट, बसवण्यास आरंभ केला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी असे दाखवले, की स्टेन्टमुळे पुन्हा आवळण्याचे प्रमाण उतरते. तरीही ते वीस-तीस टक्क्यांच्या खाली येईना.

याचे कारण शरीराच्या स्वभावात आहे. फुग्याच्या दाबाने धमनीचे आतील अस्तर फाटते. त्या जखमेला प्रतिसाद म्हणून धमनीच्या मधल्या थरातील अरेखित स्नायुपेशी जाग्या होतात, आत सरकतात आणि भराभर विभागू लागतात. जखम भरून काढण्याची ही नैसर्गिक धडपड मर्यादा ओलांडते आणि नव्याने वाढलेल्या पेशींचा थर मार्ग पुन्हा अडवतो. तेव्हा प्रश्न असा होता, की या पेशींची वाढ रोखणारे, पण रुग्णाला इजा न करणारे औषध कोणते?

याचे उत्तर शोधण्याची जागा म्हणजे प्रयोगशाळा. प्रथम काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर औषध टाकून पाहायचे. मग उंदराच्या मानेतील धमनीत छोटा फुगा फिरवून जखम करायची, औषध द्यायचे आणि दोन आठवड्यांनी ती धमनी कापून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ऐंशीच्या दशकात अशा चाचण्यांत अनेक औषधे उत्तीर्ण झाली आणि माणसात सपशेल नापास झाली. रक्तदाबावरील सिलाझाप्रिल हे त्याचे ठळक उदाहरण. १९८९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात त्याने नव्या थराची वाढ सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटवली. मोठा गाजावाजा झाला. १९९२ मध्ये युरोपात सातशेहून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला : परिणाम शून्य. १९९५ मध्ये उत्तर अमेरिकेतील त्याहून मोठ्या चाचणीतही तेच.

या अपयशाने शास्त्रज्ञांना दोन गोष्टी शिकवल्या. निरोगी उंदराची धमनी ही वर्षानुवर्षे चरबी साचलेल्या माणसाच्या धमनीची प्रतिनिधी नव्हे. म्हणून १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डुकराच्या हृदयधमनीवर प्रयोगाची पद्धत बसवली गेली, कारण डुकराचे हृदय आकाराने व रचनेने माणसाच्या जवळचे. दुसरे असे, की गोळीतून वा इंजेक्शनातून दिलेले औषध धमनीच्या त्या इवल्या जागेपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. ते तेथेच ठेवले पाहिजे. जाळीवर औषधाचा लेप देण्याची कल्पना या अनुभवातून पक्व झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. फसलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, म्हणून पुढच्याला त्यांचा उपयोग झाला. ज्ञान ही अशी वस्तू आहे, की एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की अशा वस्तूची निर्मिती बाजारावर सोडली तर ती गरजेपेक्षा कमी होते, आणि निर्मितीसाठी मक्तेदारी दिली तर तिचा वापर गरजेपेक्षा कमी होतो. म्हणून मूलभूत संशोधनाचा भार समाजाने उचलावा, हे त्यातून निघणारे अनुमान. तो भार समाजाने खरोखर उचलला. मात्र मक्तेदारीही कंपनीला आंदण दिली.

यू वृक्षाची साल आणि नंदुरबारचा शास्त्रज्ञ

धमनीसाठी जी दोन औषधे अखेर यशस्वी झाली, त्यांपैकी एक पॅक्लिटॅक्सेल. टॅक्सॉल हे त्याचे मूळ नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पती तपासण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्याखाली १९६२ मध्ये सरकारी कृषिखात्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील सरकारी जंगलातून यू वृक्षाची साल गोळा केली. ती साल उत्तर कॅरोलिनातील एका संशोधनसंस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठाची पदवी, मग अमेरिका. सालीतून औषधी द्रव्य वेगळे काढून त्याची रचना उलगडण्याचे काम या दोघांनी केले आणि १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केले. पैसा सरकारी कर्करोग संस्थेचा. हे द्रव्य पेशीचे विभाजन कसे थांबवते, ते न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. तो पैसाही सार्वजनिक.

१९९१ मध्ये अमेरिकन सरकारने करार करून हे औषध बाजारात नेण्याचा अधिकार ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस दिला आणि १९९२ अखेर अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. पुढचा हिशेब मी माझ्या पदरचा सांगत नाही. अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २००३ मध्ये तो मांडला आहे. सरकारी आरोग्यसंशोधन संस्थांनी २००२ पर्यंत या औषधाच्या संशोधनावर ४८ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले. १९९३ ते २००२ या काळात कंपनीने त्याची ९ अब्ज डॉलरांहून अधिक विक्री केली. सरकारच्या तिजोरीत रॉयल्टी म्हणून आले साडेतीन कोटी डॉलर. आपण औषधाच्या विकासावर १ अब्ज डॉलर खर्चले, असे कंपनीने तपासनिसांना सांगितले. तो आकडा तिच्या शब्दाखातर मान्य केला, तरी व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. पैसे दोघांनी घातले. मालक एक झाला.

आता धमनीकडे येऊ. १९९५ मध्ये बाल्टिमोर येथील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या, म्हणजे पुन्हा सरकारी, प्रयोगशाळेत स्टीव्हन सोलॉट, जेम्स किन्सेला, एडवर्ड लकाटा प्रभृतींनी टॅक्सॉल उंदरांच्या जखमी धमन्यांवर वापरून पाहिले. कर्करोगासाठी लागणाऱ्या मात्रेहून पुष्कळच कमी मात्रा देऊनही नव्या थराची वाढ सत्तर टक्क्यांनी घटली. टॅक्सॉल-लेपित स्टेन्टचा पाया या प्रयोगाने घातला. त्याच्या वापराचा परवाना एका खासगी कंपनीकडे गेला, तिने तो बॉस्टन सायंटिफिककडे दिला आणि मार्च २००४ मध्ये ‘टॅक्सस’ हा स्टेन्ट अमेरिकन बाजारात आला. त्या एका वर्षात त्याची विक्री २ अब्ज डॉलरांवर गेली.

१९९५ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८९ पासून अमेरिकेच्या आरोग्यसंशोधन संस्थांनी कंपन्यांशी करावयाच्या करारांत एक अट घातली होती : सार्वजनिक पैशातून निघालेल्या औषधाची किंमत वाजवी असावी. कंपन्यांनी कुरकुर केली, करार करण्याचे टाळले आणि एप्रिल १९९५ मध्ये ही अट मागे घेण्यात आली. म्हणजे ज्या वर्षी सरकारी प्रयोगशाळेने धमनीचे औषध सिद्ध केले, त्याच वर्षी सरकारने त्याच्या किमतीवरचा आपला हक्क सोडून दिला. याला दान म्हणावे तर दान सत्पात्री असते. हे तसेही नव्हते.

रापा नुईची माती

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर दुसऱ्या औषधाची कथाही सांगितली पाहिजे, कारण ते सरकारी नव्हे, कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले. १९६४ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने एक कॅनेडियन वैद्यकीय मोहीम कॅनडाच्या नौदलाच्या जहाजातून प्रशांत महासागरातील रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर गेली. तेथून आणलेली माती मॉन्ट्रियलमधील आयर्स्ट कंपनीच्या हाती आली. त्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक द्रव्य वेगळे काढले. बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले गेले. सेहगल यांचा जन्म फाळणीपूर्व पंजाबातला.

प्रारंभी ते बुरशीनाशक म्हणून पाहिले गेले. मग ते रोगप्रतिकारशक्ती दाबते, असे आढळले. कर्करोगाच्या पेशींवरही त्याचा परिणाम दिसला. आणि कंपनीने काय केले? ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तिने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि फायदा दिसत नसल्याने रॅपामायसिनचे काम गुंडाळले. सेहगल यांनी आपल्या जबाबदारीवर त्या सूक्ष्मजीवाच्या कुप्या घरच्या शीतपेटीत जपल्या आणि न्यू जर्सीला जाताना सोबत नेल्या. पाच-सहा वर्षांनी कंपनीचे व्यवस्थापन बदलले, तेव्हा त्या कुप्यांतून काम पुन्हा सुरू झाले. १९९९ मध्ये मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी औषध मान्य झाले. जोखीम पत्करण्याची कीर्ती कंपनीची सांगतात. येथे जोखीम पत्करली ती एका पगारदार शास्त्रज्ञाने, कंपनीच्या इच्छेविरुद्ध.

हेच औषध धमनीसाठी उपयोगी पडेल, हे कोणी दाखवले? १९९३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॅन्डल मॉरिस यांच्या गटाने ते उंदरांच्या धमन्यांत दाखवले. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात अँड्र्यू मार्क्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की काचपात्रातील स्नायुपेशींचे विभाजन ते नेमके कोणत्या टप्प्यावर अडवते. टॅक्सॉल पेशीचा सांगाडा गोठवते. रॅपामायसिन पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावरच रोखून धरते, मारीत नाही. १९९९ मध्ये डुकरांच्या हृदयधमन्यांतही ते उत्तीर्ण झाल्याचे प्रसिद्ध झाले. विद्यापीठांनी ही वाट मोकळी केल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलमधील साओ पावलो येथे एदुआर्दो सौझा यांनी औषधलेपित स्टेन्ट प्रथम माणसात बसवला.

यात कंपनीचा वाटा नव्हता, असे मी म्हणत नाही. औषध जाळीवर चिकटून राहावे आणि काही आठवडे थोडे थोडे सुटावे, असा लेप घडवणे हे कसबाचे काम होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कॉर्डिस विभागाने ते केले आणि रुग्णांवरील चाचण्यांचा खर्च उचलला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या स्टेन्टच्या रुग्णांपैकी २६.६ टक्क्यांची धमनी पुन्हा आवळली. औषधलेपित स्टेन्टच्या गटात एकाचीही नाही. हे यश नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु शेवटच्या पायरीवर चढणाऱ्याने अख्ख्या जिन्याची मालकी सांगावी, हे कोणत्या न्यायात बसते? अठरा मिलिमीटरच्या त्या स्टेन्टवर औषध होते सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या नेहमीच्या गोळीत एक हजार असते. आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्या स्टेन्टची किंमत लावली होती तीन हजार डॉलरांहून अधिक, साध्या स्टेन्टच्या जवळपास तिप्पट. माती ज्या बेटावरून आली, तेथील हजारभर रहिवाशांचा वाटा त्या किमतीत कोणी धरला नाही.

तो नफा तरी पुढील संशोधनाकडे वळला का? स्टेन्टच्या पेटंटांवरून या कंपन्या वर्षानुवर्षे एकमेकींशी न्यायालयात भांडत राहिल्या. २०१० मध्ये एका तडजोडीपोटी बॉस्टन सायंटिफिकने जॉन्सन अँड जॉन्सनला पावणेदोन अब्ज डॉलरांच्या आसपास रक्कम देण्याचे मान्य केले. त्या रकमेतून किती प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या! आणि २०११ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने हा व्यवसाय फायद्याचा राहिला नाही म्हणून स्टेन्ट बनवणेच सोडले. पेटंट म्हणजे संशोधनाशी बांधिलकी, असे सांगणाऱ्यांनी या दोन घटनांचा खुलासा करावा.

औषधाचे दोष शोधण्याचे कामही बव्हंशी विद्यापीठांतील डॉक्टरांनाच करावे लागले. जे औषध स्नायुपेशींना रोखते, ते धमनीचे आतील अस्तर भरून येण्यासही विलंब लावते. उघड्या राहिलेल्या धातूवर वर्षा-दोन वर्षांनी रक्ताची गुठळी बनू शकते. बाझेलच्या विद्यापीठीय रुग्णालयातील डॉक्टरांनी व इतरांनी २००६ मध्ये हा धोका मांडला, तेव्हा खळबळ माजली. त्यानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे अधिक काळ देण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढच्या पिढीतील स्टेन्ट सुधारले.

आपल्या घरचा हिशेब

आता भारताकडे वळू. स्टेन्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश २०१६ मध्ये झाला, तोही दिल्लीतील एका वकिलाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किमती ठरवल्या : साधा स्टेन्ट ७,२६० रुपये, औषधलेपित २९,६०० रुपये, कर वेगळे. त्यापूर्वी औषधलेपित स्टेन्टची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. प्राधिकरणाने जमवलेल्या माहितीतून असे दिसले, की काही रुग्णालये एका स्टेन्टवर ६५४ टक्क्यांपर्यंत नफा घेत होती. ‘संशोधनाचा खर्च’ ज्या किमतीतून वसूल होतो असे सांगितले जात होते, तिचा मोठा भाग प्रयोगशाळेच्या वाटेलाही जात नव्हता. तो वितरक आणि रुग्णालय यांच्या दरम्यानच जिरत होता. माझ्या भावाने पतसंस्थेचे हप्ते भरले ते यासाठी.

किमती उतरताच ओरड झाली : आता अत्याधुनिक स्टेन्ट भारतात येणार नाहीत, रुग्ण दगावतील. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले महागडे स्टेन्ट भारतीय बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. त्यांत ॲबट कंपनीचा विरघळणारा ‘ॲब्सॉर्ब’ हाही होता. तो विज्ञानाचा शेवटचा शब्द म्हणून विकला जाई. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री साऱ्या जगातच थांबवली, कारण त्याच्या रुग्णांत गुठळ्यांचे व झटक्यांचे प्रमाण अधिक आढळत होते आणि खपही घसरला होता. जी वस्तू न मिळाल्याने भारतीय रुग्ण मरतील असे भय घातले गेले, ती न मिळणे हेच त्याच्या हिताचे ठरले.

उलट बाजूही पाहा. हिऱ्यांना पैलू पाडण्याचे लेसर यंत्र बनवणाऱ्या सुरतेत त्याच कसबातून स्टेन्ट कापण्याचा उद्योग उभा राहिला. सुरतेत बनलेल्या रॅपामायसिन-लेपित स्टेन्टची तुलना युरोपातील चौदाशेहून अधिक रुग्णांत जगातील अग्रगण्य स्टेन्टशी केली गेली, आणि तो कमी पडत नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा उद्योग खासगी आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु तो रुजू शकला, कारण १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरील पेटंट नाकारून दिलेली मोकळीक २००५ पर्यंत टिकली. मक्तेदारी नव्हती, म्हणून शिकता आले. मक्तेदारीवाचून प्रगती नाही, असे मानणाऱ्यांना सुरत हे चोख उत्तर आहे.

मात्र २०१७ च्या आदेशाने समाधान मानून स्वस्थ बसणे आत्मवंचना ठरेल. किंमत बांधली गेली ती वस्तूची. रुग्णालयाचे खोलीभाडे, शस्त्रक्रियेचे शुल्क, फुगा आणि तारा यांच्या किमती मोकळ्याच राहिल्या. एका खिशातून काढलेली रक्कम दुसऱ्या खिशात घालण्यास रुग्णालयांना अडचण पडली नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की किमतीवर नियंत्रण आणणाऱ्या सरकारने संशोधनाच्या मुळावर घाव घातला. डिसेंबर २०१६ मध्ये स्टेन्टचा समावेश किंमतनियंत्रणाच्या परिशिष्टात झाला. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जमीन विकण्यास आणि कारखाना खासगी हाती देण्यास तत्त्वतः संमती दिली.

पिंपरीचा हा कारखाना १९५४ चा. येथे थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मातीतील सूक्ष्मजीव तपासले जात आणि त्यातून हॅमायसिन हे बुरशीनाशक निघाले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात आजही पिंपरीचे नाव आहे. रॅपामायसिनचा आरंभ याच जातीच्या कामातून झाला होता : माती, सूक्ष्मजीव, बुरशीनाशक. हाथी समितीने १९७५ मध्ये औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राकडे नेतृत्व देण्याची शिफारस केली, तिच्यामागे असे अनुभव होते. पुढे या कारखान्यांत अनास्था, बाबूगिरी आणि राजकीय नेमणुका शिरल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण छप्पर गळते म्हणून घर विकून भाड्याच्या खोलीत राहायला जाण्यात शहाणपण ते कोणते?

सार्वजनिक प्रयोगशाळा आपल्या देशात यशस्वी होऊ शकते, याचा दाखला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत आहे. डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे हृदयाची कृत्रिम झडप घडवली गेली. आधीचे नमुने एकामागून एक फसले. चौथा यशस्वी झाला. मेंढ्यांवर त्याची परीक्षा झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम रुग्णात बसवला गेला. आयात झडपेच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत ती हजारो रुग्णांना मिळाली. ज्या जोखमीचा कंपन्या एवढा डांगोरा पिटतात, ती जोखीम, तीन अपयशांसह, येथे सरकारी संस्थेने पचवली.

मग मागायचे काय?

पहिली मागणी : सार्वजनिक निधीतून, मग तो विद्यापीठाचा असो, वैद्यकीय संशोधन परिषदेचा असो वा जैवतंत्रज्ञान विभागाचा, जो शोध लागेल त्याचा परवाना खासगी उद्योगास देताना वाजवी किमतीची अट कायद्याने बंधनकारक करावी. अमेरिकेने १९९५ मध्ये जी चूक केली, तिचे अनुकरण करण्याचे आपल्याला कारण नाही. अट मान्य नसलेल्या कंपनीने खुशाल दूर राहावे. परवाना एकाच कंपनीला न देता अनेकांना दिला, तर तिची जागा दुसरी घेईल.

दुसरी : प्रयोगशाळेतील चाचण्यांचे निष्कर्ष, विशेषतः फसलेल्या चाचण्यांचे, खुले असावेत. माणसांवरील चाचण्यांची नोंद आपल्याकडे २००९ पासून सक्तीची आहे. तशी सक्ती पेशींवरील व प्राण्यांवरील प्राथमिक चाचण्यांना नाही. सिलाझाप्रिलचे अपयश दडपले गेले असते, तर आणखी किती रुग्णांना निरुपयोगी गोळ्या खाव्या लागल्या असत्या, याचा विचार करावा. दडवलेल्या अपयशाची किंमत नेहमी रुग्णच मोजतो.

तिसरी : श्री चित्राच्या धर्तीवर औषधे व वैद्यकीय साधने तपासणाऱ्या सार्वजनिक प्रयोगशाळा उभाराव्यात आणि बाजारात आलेल्या साधनावर पुढे काही वर्षे स्वतंत्रपणे लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. विकणाऱ्यानेच माप करायचे, ही रीत आपण धान्याच्या दुकानातही चालवून घेत नाही.

चौथी : नियंत्रण केवळ जाळीवर न ठेवता संपूर्ण उपचाराच्या खर्चावर असावे.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. ज्याने पैसे दिले त्याला वस्तूवर हक्क असावा, हा तर बाजाराचाच नियम. तो कंपन्यांच्या भागधारकांना लागू होतो, करदात्या जनतेला मात्र लागू होत नाही. आमचा आक्षेप या दुजाभावाला आहे.

माझा भाऊ आज हिंडता-फिरता आहे, आणि त्याबद्दल त्या जाळीचे ऋण मी मानतो. परंतु ते ऋण कोणाचे, हे आता त्याला सांगता येते. त्या जाळीत सरकारी जंगलातली साल तपासणाऱ्या संस्था आहेत, दूरच्या बेटावरची माती आहे, विद्यापीठांचे उंदीर नि डुकरे आहेत, नंदुरबारहून गेलेला एक रसायनशास्त्रज्ञ आहे आणि शीतपेटीत कुप्या जपणारा एक पगारदार नोकर आहे. कंपनीचा लेपही आहे. एवढ्या साऱ्यांनी मिळून केलेल्या वस्तूचे बिल एकाच्याच नावाने का निघावे, हा प्रश्न भावाने पतसंस्थेचा शेवटचा हप्ता भरून आल्यावर मला विचारला. तोच मी आता राज्यकर्त्यांना विचारतो आहे.